गिऱ्हाईक, ग्राहक आणि बरोबर

बँकेच्या शाखेत, विमा कार्यालयात, जुन्या पतपेढीत एक चौकट हमखास लावलेली असते. वर गांधीजींचं चित्र आणि खाली ग्राहकाची थोरवी. ग्राहक आपल्यावर अवलंबून नसून आपणच त्याच्यावर अवलंबून आहोत, तो आपल्याला सेवेची संधी देऊन उपकारच करतो, असा त्या मजकुराचा आशय. काही चौकटींत खाली ठिकाण आणि सालही असतं : दक्षिण आफ्रिका, 1890. पण 1890 मध्ये गांधीजी लंडनमध्ये कायद्याचा अभ्यास करत होते. डर्बनच्या बंदरात ते उतरले 1893 च्या मे महिन्यात. त्यांच्या लेखनात अभ्यासकांना हा मजकूर मिळालेला नाही. याच आशयाचं बोलणं 1941 साली अमेरिकेतल्या स्टुडबेकर या मोटार कंपनीचे विक्रीप्रमुख केनेथ एलियट यांच्या नावावर छापलेलं मात्र सापडतं.

मोटारी विकणाऱ्याचं बोलणं महात्म्याच्या तोंडी घालावं लागलं, याचं मला एकच कारण दिसतं. ग्राहक म्हणेल ते खरं, हा विचार आपल्या बाजाराच्या भाषेत नव्हता. बाहेरून आणलेल्या विचाराला वजन यावं म्हणून वर मोठ्या माणसाचं नाव लिहिलं गेलं. आपल्या बाजाराची भाषा ग्राहकाबद्दल काय म्हणते, हे पाहायचं तर बँकेच्या भिंतीवरून नजर काढून दुकानाच्या फळीकडे वळवावी लागते. त्याआधी हा विचार जिथला आहे तिथे थोडं जाऊन येऊ.

‘ग्राहक नेहमीच बरोबर असतो’ हे वाक्य शिकागोच्या मार्शल फील्ड यांच्या दुकानाशी जोडलं जातं. 1905 च्या सुमाराच्या अमेरिकी वर्तमानपत्रांत त्यांच्या धोरणाचं वर्णन करताना ते छापलेलं आढळतं. फील्ड यांच्याकडे पंचवीसेक वर्षं काढलेले हॅरी गॉर्डन सेल्फ्रिज लंडनला गेले, 1909 मध्ये ऑक्सफर्ड स्ट्रीटवर स्वतःचं दुकान उघडलं आणि हे वाक्य तिथे रुजवलं. ग्राहकाची चूक कधीच नसते, असं याच सुमारास पॅरिसमध्ये हॉटेलवाले सेझार रिट्झ म्हणत. ही माणसं भाबडी नव्हती. गिऱ्हाईक खोटं बोलू शकतं, वापरलेला झगा परत आणून देऊ शकतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण त्याआधीचा बाजार पाहिला की हे वाक्य का लागलं ते कळतं. किंमत चिठ्ठीवर लिहिलेली नसायची, माल एकदा गळ्यात पडला की पडला. फिलाडेल्फियाच्या जॉन वॉनामेकर यांनी ठरावीक किंमत आणि ‘पसंत नसेल तर पैसे परत’ ही हमी दिली, तेव्हा लोकांना त्याचं अप्रूप वाटलं. अशा काळात मालकाने नोकराला दिलेली ही ताकीद होती : गिऱ्हाइकाशी हुज्जत घालू नकोस. ताकिदीचं पुढे तत्त्व झालं आणि तत्त्व भिंतीवर चढलं. मूळ बोलणारा मालक होता, ऐकणारा नोकर होता, आणि ग्राहक त्या संभाषणात नव्हताच, हे त्या भिंतीवर कुठे लिहिलेलं नसतं.

जर्मनांनी ग्राहकाला राजा केलं. जपान्यांनी देव केलं. तिथे 1960 च्या दशकात मिनामी हारुओ या गायकाचं ‘ग्राहक म्हणजे देव’ अशा अर्थाचं वाक्य गाजलं. त्यांच्या मनात समोर बसलेला श्रोतृवर्ग होता. देवापुढे उभं राहावं तशा निर्मळ मनाने मी गातो, असं त्यांना म्हणायचं होतं. दुकानांनी ते वाक्य उचललं, मग गिऱ्हाइकांनी उचललं, आणि काउंटरमागच्या मुलामुलींवर ओरडताना ते वापरलं जाऊ लागलं. अखेर टोकियो महानगराला ऑक्टोबर 2024 मध्ये ग्राहकांकडून होणाऱ्या छळाविरुद्ध नियम मंजूर करावा लागला. तो 1 एप्रिल 2025 पासून लागू झाला.

आता आपल्याकडे.

मराठी बाजाराचा खरा शब्द गिऱ्हाईक. संस्कृत ‘ग्राहक’ बोलण्यात घासून त्याचं गिऱ्हाईक झालं. हिंदीत गाहक, गुजरातीत घराक, कानडीत गिराकी, कोकणीत गिरायक : सगळी एकाच घरची भावंडं. मूळ धातू ग्रह्, म्हणजे घेणे, पकडणे. आपलं साधं ‘घेणे’ हे क्रियापददेखील प्राकृतातून याच धातूपासून आलं आहे. तेव्हा गिऱ्हाईक म्हणजे घेणारा, एवढंच. त्यात पैसे देण्याचा उल्लेख नाही, मोठेपणाचा नाही, खरेखोटेपणाचाही नाही.

या धातूचा गोतावळा मोठा आहे. पकडतो तो ग्रह, धरलं जातं ते ग्रहण, एकत्र घेतलेला तो संग्रह, आवरून धरणं तो निग्रह. लग्नात हात हातात घेतात ते पाणिग्रहण. गजेंद्राचा पाय धरणारी मगर म्हणजे ग्राह. ‘आग्रह’ही याच घरातला. आणि दुकानदारीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा नातेवाईक म्हणजे ‘गृहीत’. आपण म्हणतो, ‘ग्राहकाला गृहीत धरू नका’. घेणाऱ्यालाच घेतलेला समजू नका, असं ते वाक्य आहे. व्याकरणाच्या भाषेत बोलायचं तर कर्त्याचं कर्म करू नका. व्यापाराविषयीचं इतकं नेमकं वाक्य मराठीत दुसरं मला आठवत नाही.

गिऱ्हाईक हा शब्द नपुंसकलिंगी आहे, याकडे आपलं सहसा लक्ष जात नाही. ‘गिऱ्हाईक आलं’, ‘दोन गिऱ्हाइकं परत गेली’. बाई असो, पुरुष असो, सावकार असो की हमाल, फळीपुढे उभं राहिलं की ते ‘ते’ होतं. यात तुच्छता आहे असं मला वाटत नाही. मूल, माणूस यांच्यासारखाच तो वापर आहे. पण देवाला किंवा राजाला कोणी ‘ते आलं’ म्हणत नाही. जो शब्द नपुंसकलिंगात सुखाने नांदतो, त्याच्यावर देवत्व लादता येत नाही. बाजाराने त्याला माणसांतलं एक माणूस मानलं. ‘नेहमीचं गिऱ्हाईक’, ‘बांधलेलं गिऱ्हाईक’, ‘आज गिऱ्हाइकी नाही’ हे सगळे शब्दप्रयोग धंद्याच्या गरजेतून आलेले, आदर किंवा अनादर दोन्ही न सांगणारे.

‘गिऱ्हाईक करणे’ हा वाक्प्रचार मात्र वेगळा आणि बोचरा. चारचौघांत एखाद्याची टर उडवली, त्याला वेड्यात काढलं, की ‘आज त्याचं गिऱ्हाईक केलं’ असं म्हणतात. बाजारात फसवल्या गेलेल्या माणसांच्या अनुभवाचं हे सार आहे. गिऱ्हाईक नेहमी बरोबर असतं तर त्याच्या नावाने हा वाक्प्रचार भाषेत आलाच नसता. ‘मापात पाप’ ही म्हणदेखील त्याच अनुभवातून आली. भाषा इथे ग्राहकाला शहाणा ठरवत नाही. तो अडाणी ठरवला जातो, कमी मोजून दिलेलं त्याला कळत नाही, याची ती नोंद करून ठेवते. म्हणून ‘ग्राहक नेहमी बरोबर’ या वाक्याची चर्चा करताना मला पहिला प्रश्न पडतो तो हा : जो शतकानुशतकं फसवला गेला, त्याला एकदम अचूक ठरवून त्याचं नुकसान भरून निघतं का?

कायद्याची वाट वेगळी होती. 1930 च्या मालविक्री कायद्याच्या कलम 16 मध्ये जुनं इंग्रजी तत्त्व आहे : घेणाऱ्याने पारखून घ्यावं, काही अपवाद सोडले तर मालाच्या दर्जाची जोखीम त्याची. म्हणजे त्या तत्त्वाने पाहिलं तर फसलेला ग्राहकच चुकलेला. या परिस्थितीत मुंबईत 1966 मध्ये नऊ महिलांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था काढली. पुढे बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने ग्राहक पंचायतीचं काम उभं राहिलं, 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. त्या कामात संगीतकार सुधीर फडके यांच्यासारखी माणसंही होती. दर महिन्याचं वाणसामान एकत्र घाऊक आणायचं आणि सभासदांनी आपसांत वाटून घ्यायचं, ही पद्धत मुंबईच्या मध्यमवर्गीय वस्त्यांनी याच संस्थेकडून शिकली. ‘ग्राहक’ हा संस्कृत शब्द घरोघर रुळला तो या काळात. गिऱ्हाईक दुकानातच राहिलं, ग्राहक मात्र सभेत, अर्जात, कायद्यात आला. लिंगही बदललं : ‘ग्राहक आले’, ‘ग्राहकांनी नोंद घ्यावी’.

हिंदीने या कायद्यासाठी ‘उपभोक्ता’ हा शब्द घेतला. मराठीने ‘ग्राहक’ पसंत केला, आणि ही निवड मला फार आवडते. उपभोक्ता म्हणजे उपभोग घेणारा. तो वस्तू घरी नेऊन संपवतो. ग्राहक म्हणजे देण्याघेण्यातला एक पक्ष. घेणारा म्हटलं की देणारा आलाच. उपभोक्त्याला समोर कोणी लागत नाही.

वर्तमानपत्रांनी या ग्राहकाला पुढे ‘ग्राहकराजा’ केलं. आपल्याकडे राजा हे उपपद कुणाकुणाला लागतं ते पाहा : बळीराजा, मतदारराजा, ग्राहकराजा. ज्याला भाव ठरवता येत नाही, ज्याची पाच वर्षांतून एकदा आठवण होते, ज्याला पावती मागताना संकोच वाटतो, त्यांना आपण राजा म्हणतो. मला हे संबोधन नको वाटतं. राजाला न्याय मागावा लागत नाही, ग्राहकाला मागावा लागतो.

न्याय मागण्याचे आपले शब्द फारसी-अरबीतून आले आहेत आणि ते लक्षपूर्वक ऐकण्यासारखे आहेत. फिर्याद म्हणजे फारसीत मदतीसाठी मारलेली हाक. दाद म्हणजे न्याय. म्हणून आपण दाद मागतो, आणि गाणं आवडलं की दाद देतो, कारण चांगल्याला चांगलं म्हणणं हाही न्यायच. आणि तक्रार? अरबीत तक्रार म्हणजे पुनरावृत्ती, पुन्हा पुन्हा म्हणणं. फ्रिज बिघडल्यावर सेवा केंद्राला लावलेले फोन, दर वेळी नव्याने दिलेला तक्रार क्रमांक, दर वेळी पहिल्यापासून सांगितलेली तीच हकिगत : मूळ अर्थ अजून जिवंत आहे.

24 डिसेंबर 1986 हा ग्राहक संरक्षण कायद्याचा दिवस, आजही तो राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. हा कायदा ग्राहकाच्या बाजूने उभा राहण्यासाठी झाला, पण त्याने ग्राहकाला कुठेही नेहमी बरोबर मानलेलं नाही. मालात दोष आहे, सेवेत त्रुटी आहे किंवा व्यापारी प्रथा अनुचित आहे, हे ग्राहकाला दाखवून द्यावं लागतं. इतकंच नव्हे, खोटी किंवा केवळ त्रास देण्यासाठी केलेली तक्रार असेल तर तक्रारदाराला दहा हजार रुपयांपर्यंत खर्च भरायला लावण्याची तरतूद त्या कायद्यात होती. 2019 चा नवा कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला आणि जिल्हा ग्राहक मंचांचे आयोग झाले. सदोष माल बिलातल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत, परत घ्यायला नकार देणं, तसंच बिल न देणं, ही त्या कायद्याने अनुचित प्रथा ठरवली. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी अजून शेकडो दुकानांत लटकते. सदोष मालाच्या बाबतीत त्या पाटीला काडीची किंमत नाही, हे ग्राहकाने जाणून असावं. आणि रंग आवडला नाही म्हणून, महिनाभर नेसून झालेली साडी परत न्यायची असेल तर कायदा त्याच्या पाठीशी नाही, हेही.

इथे शब्दांच्या व्याप्तीचा प्रश्न येतो. प्रत्येक घेणारा ग्राहक असतो का? वकिलाकडे जाणाऱ्याला जुन्या मराठीत अशील म्हणतात. अरबी असील म्हणजे मूळ, प्रमुख. वकील हा त्याचा प्रतिनिधी. नावातच नातं आहे : काम अशिलाचं, वकील त्याच्या वतीने बोलणारा. भटजींकडे धर्मकृत्य करवून घेणारा तो यजमान, म्हणजे खरं यज्ञ करणारा तोच. डॉक्टरांचा तो रुग्ण, शाळेचा तो विद्यार्थी. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये व्ही. पी. शांता खटल्यात पैसे देऊन उपचार घेणारा रुग्ण कायद्याच्या अर्थाने ग्राहक ठरवला. 2024 मध्ये वकिलांची सेवा मात्र त्या कायद्याच्या बाहेर ठेवली. रुग्णाला दाद मागता यावी हे योग्यच आहे. पण रुग्ण ग्राहक झाला म्हणून तो मागेल ते प्रतिजैविक डॉक्टरने लिहून द्यावं काय? विद्यार्थी ग्राहक मानला तर त्याला हवे तेवढे गुण द्यावे काय? ‘नेहमी बरोबर’ हे वाक्य कापड दुकानातून बाहेर पडून दवाखान्यात आणि वर्गात शिरलं की ते घातक होतं. चांगला डॉक्टर नाही म्हणतो, त्याचीच फी आपण देतो.

खेड्यात तर फार काळ गिऱ्हाईक हा प्राणीच नव्हता. त्रिंबक नारायण आत्रे यांचं 1915 चं ‘गावगाडा’ वाचलं की कळतं. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी हे बलुतेदार वर्षभर कुणब्याचं काम करत आणि खळ्यावर धान्याच्या रूपात बलुतं घेत. घर ठरलेलं, हक्क ठरलेला, पिढ्यान्‌पिढ्या तेच. नांगर बिघडला तर दुसऱ्या सुताराकडे जाण्याची सोय कुणब्याला नव्हती, आणि मोबदला कमी दिला तर काम सोडण्याची सोय बलुतेदाराला, त्यातही खालच्या मानलेल्या जातींना, नव्हती. बाजाराचं गिऱ्हाईक या दृष्टीने फार मोकळं. ते एका दुकानातून उठून दुसऱ्या दुकानात जातं. ग्राहकाची खरी ताकद या पाय उचलण्यात आहे, आणि ती ताकद त्याचं मत बरोबर असण्यावर अवलंबून नाही. मत चुकीचं असलं तरी पाय त्याचेच.

‘ग्राहक नेहमी बरोबर’ हे वाक्य ज्यांना निरुपद्रवी वाटतं त्यांनी एकदा कांद्याचा लिलाव पाहावा. (लिलाव हा शब्द पोर्तुगिजांकडून आला, गोव्याच्या वाटेने.) लासलगावसारख्या बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रांगेने लागलेल्या असतात. व्यापाऱ्यांचा घोळका ट्रॉलीजवळ येतो. कुणी वरचे चार कांदे हातात घेतो, दाबून पाहतो, साल सोलतो, टाकून देतो. क्विंटलचा भाव पुकारला जातो, वाढत जातो, थांबतो, आणि घोळका पुढच्या ट्रॉलीकडे सरकतो. ट्रॉलीवर बसलेल्या शेतकऱ्याचं वर्षाचं उत्पन्न इतक्या वेळात ठरतं. इथे ग्राहक कोण? व्यापारी. विकणारा कोण? ज्याने पावसाची वाट पाहिली तो.

लिलाव संपला म्हणजे सौदा संपला असं नाही. ट्रॉली व्यापाऱ्याच्या खळ्यावर रिकामी होते. खालचा माल निघतो, आणि कधी कधी तिथे निघतो तो ‘वांधा’. वर दिसला तसा माल खाली नाही, भाव कमी करा. वांधा म्हणजे हरकत, गुजरातीतून आलेला व्यापारी शब्द. मुंबईच्या बोलीत ‘वांधे झाले’ म्हणजे पंचाईत झाली, तो हाच. वांधा कधी खरा असतो. शेतकरीही वर मोठा माल लावून खाली गोलटी भरतो, हे शेतकरीच सांगतात. कधी तो खोटा असतो : दुपारी भाव पडले म्हणून सकाळच्या सौद्यात काढलेली खोट. रिकामी झालेली ट्रॉली पुन्हा भरून घरी नेणं परवडत नाही, हे दोघांनाही माहीत असतं. म्हणून बाजार समित्यांना वांधे मिटवणारी समिती ठेवावी लागते. तिथे ‘ग्राहक नेहमी बरोबर’ हे तत्त्व लावलं तर समितीचं काम एका वाक्यात संपेल आणि शेतकरीही.

एकेकाळी हा सौदा रुमालाखाली बोटं दाबून व्हायचा. हत्ता पद्धत. घेणारा आणि अडत्या बोटांनी भाव ठरवत आणि ज्याचा माल त्याला काही कळत नसे. बाजार समित्यांच्या कायद्यांनी उघड लिलाव आणला तो यासाठी. भाव मोठ्याने बोलला गेला पाहिजे, सगळ्यांना ऐकू आला पाहिजे. यात कुणी देव नाही, कुणी राजा नाही. आवाज आहे, काटा आहे, हिशेबपट्टी आहे.

शहरातल्या दुकानातला विकणारा हा मालक असतोच असं नाही. साड्यांच्या मोठ्या दालनात दिवसभर घड्या उलगडणारी मुलगी, घरी खाणं पोहोचवणारा मुलगा, फोनवर शिव्या ऐकून घेणारी कॉल सेंटरमधली व्यक्ती : ‘ग्राहक नेहमी बरोबर’ या वाक्याचा भार यांच्यावर पडतो. चूक ग्राहकाची असली तरी पगार यांचा कापला जातो, तारे यांचे कमी होतात. देवापुढे बसायचं नसतं म्हणून दालनात यांना बसायला स्टूलही मिळत नसे. केरळने 2018 मध्ये आणि तमिळनाडूने 2021 मध्ये दुकानातल्या कामगारांना बसण्याचा हक्क कायद्याने दिला. बसण्याचा हक्क कायद्याने द्यावा लागतो, यातच त्या तत्त्वाचा निकाल लागतो असं मी मानतो.

आपल्या बाजारात देव नव्हता असं नाही. दिवसाच्या पहिल्या विक्रीला मराठीत भवानी म्हणतात. ‘अजून भवानी झाली नाही’ म्हणत भाजीवाली दोन रुपये कमी करते, पहिली नोट कपाळाला लावते. मूळ शब्द बोहनी. देवीच्या नावाच्या ओढीने तो भवानी झाला असावा. पण नमस्कार होतो तो नोटेला, घेऊन गेलेल्या गिऱ्हाइकाला नाही. दसऱ्याला दुकानदार तराजूची पूजा करतो, लक्ष्मीपूजनाला वहीची. तराजू आणि वही : एक वजन खरं सांगते, दुसरी हिशेब खरा सांगते. पूजेला बसवायचं म्हटल्यावर आपल्या व्यापाऱ्याने ना स्वतःला बसवलं ना गिऱ्हाइकाला. दोघांच्या मध्ये जे असतं ते बसवलं.

आणि आता तो शब्द, ज्याच्यावर हे सगळं वाक्य उभं आहे : बरोबर. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. त्याच्या दहा वर्गांतला एक वर्ग खास बाजारासाठी आहे, पण्यवर्ग. तरी दुकान, बाजार, नफा, किंमत, सौदा हे शब्द हलले नाहीत. खरेदी-विक्री या आपल्या जोडशब्दात तर अर्धं फारसी आणि अर्धं संस्कृत आजही एकत्र नांदतं. ‘बरोबर’ हा त्याच पंगतीतला. फारसीत ‘बराबर’ म्हणजे समान, एका पातळीत. बर म्हणजे छाती. छातीसमोर छाती, समोरासमोर उभे असलेले दोघे, असं त्या शब्दाचं मूळ चित्र सांगतात. मराठीत त्याला तीन अर्थ आले. गणित बरोबर आलं, म्हणजे अचूक. दोन्ही पारडी बरोबर झाली, म्हणजे समान. माझ्याबरोबर चल, म्हणजे सोबत. इंग्रजी वाक्यातल्या ‘राइट’ या शब्दाला अचूक आणि हक्क असे अर्थ आहेत, पण समान आणि सोबत हे नाहीत.

मराठीत ‘ग्राहक नेहमी बरोबर असतो’ हे वाक्य अचूक या अर्थाने मला मान्य नाही. समान या अर्थाने मात्र पूर्ण मान्य आहे. फळीच्या अलीकडचा आणि पलीकडचा, ट्रॉलीवरचा आणि ट्रॉलीखालचा, छातीला छाती देऊन एका पातळीत उभे असले पाहिजेत. आजवर ग्राहक चळवळीने जे मिळवलं ते ही पातळी आणण्यासाठी. त्याला वर चढवण्यासाठी नव्हे.

बरोबरच्या उलट चूक. तोही बाजाराचाच शब्द. चुकणे म्हणजे भूल होणे, आणि चुकते करणे म्हणजे देणं फेडून मोकळं होणे. ‘पैसे चुकते केले’ म्हणताना आपल्या मनात चूक नसते, पण शब्द तोच, एकाच मुळाचा. या दोन अर्थांची गाठ एका कागदावर पडते. किराणा दुकानाचं जुनं छापील बिल काढून पाहा. वर ‘श्री’, मग दुकानाचं नाव, पेठ, गाव. खाली तपशील, नग, दर, रक्कम असे रकाने, कार्बनची निळी अक्षरं. एकूणाच्या खाली सही, आणि अगदी तळाला बारीक टायपात एक ओळ : चूकभूल द्यावी घ्यावी.

बेरीज करताना माझी चूक झाली आणि तुमच्याकडून जास्त घेतले, तर मी ते परत द्यायचे. कमी घेतले, तर तुम्ही आणून द्यायचे. चूक कोणाचीही असू शकते हे विकणाऱ्याने सही करण्याआधीच मान्य केलेलं आहे, आणि ती दुरुस्त करण्याची जबाबदारी दोघांवर आहे. इंग्रजी बिलांवर याच जागी ‘ई. अँड ओ. ई.’ अशी अक्षरं असतात. चुका आणि वगळलेलं सोडून, असा त्याचा अर्थ. ती ओळ बिल देणाऱ्याला वाचवते, घेणाऱ्याला काही देत नाही. मराठी ओळीत द्यावी आणि घ्यावी ही दोन्ही क्रियापदं आहेत. शिकागो आणि लंडनच्या त्या गाजलेल्या वाक्यापेक्षा मला ही बिलाच्या तळाची ओळ जास्त न्यायाची वाटते, आणि व्यवहाराचीही.

संगणकाची बिलं आल्यापासून ती ओळ दिसेनाशी होत चालली आहे. तिच्या जागी एक तर इंग्रजी अक्षरं येतात किंवा ‘पुन्हा या’ असा निरोप. दुकानदारांना माझी विनंती आहे की बिलाचा नमुना करून घेताना ती ओळ मराठीत घालून घ्यावी. आणि वाचकांनी एवढं करावं : बिल मागावं, काउंटरवरच बेरीज पाहावी, जास्त घेतलेले परत मागावे आणि कमी घेतलेले असतील तर तेही तिथेच सांगावे.